व्हिडिओ गेमचा छंद आणि खिशाचा हिशोब



मागच्या व्याख्यानात आपण एपिक्युरसबद्दल बोललो होतो. ज्यांचं ते ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणसाच्या इच्छांचे त्याने तीन गट केले. भूक, तहान, निवारा या इच्छा नैसर्गिक आणि आवश्यक. पंचपक्वान्नांची इच्छा नैसर्गिक खरी, पण तिच्यावाचून काही अडत नाही. आणि तिसरा गट कीर्ती, सत्ता, अफाट संपत्ती यांचा. त्याला तळच नसतो.

ते व्याख्यान संपल्यावर एक तरुण थांबला होता. म्हणाला, "सर, मला व्हिडिओ गेमची भयंकर आवड आहे. पगार बावीस हजार. त्यातले आठ गावी पाठवतो, सात खोलीभाड्याला जातात. आणि नवा मोठा गेम चार-पाच हजारांना येतो. माझी इच्छा तुमच्या कुठल्या गटात बसते?" मी म्हटलं, दुसऱ्या. "म्हणजे सोडून देऊ?"

आता एपिक्युरस 'सोडून दे' असं म्हणत नाही. सहज मिळालं तर आनंदाने घे, त्यासाठी जीव टांगणीला लावू नकोस, असा त्याचा रोख आहे. पण या 'सहज' शब्दात सगळी मेख आहे. बावीस हजारांत काय सहज मिळतं? मी त्याला म्हटलं, महिनाभर थांब, मी याच विषयावर बोलतो. तो आज मागच्या रांगेत बसलाय. (हशा)

माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. मी एकाहत्तराव्या वर्षी गेम खेळायला लागलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन महिने घरात अडकलो, आणि पुतण्याने त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. आज पंच्याहत्तरी आली तरी सुटलेलं नाही. निवृत्तिवेतनातून महिन्याला ५०० रुपये या हौसेला, असा मी नियम केलाय. तो एकदा वाईट मोडला, तेही सांगणार आहे.

आधी थोडं तत्त्वज्ञान, कारण त्याशिवाय मला बोलताच येत नाही. खेळ म्हणजे काय? विट्गेन्स्टाइनचं म्हणणं असं की सगळ्या खेळांना समान असं एकच लक्षण सापडत नाही. कुटुंबातल्या माणसांचे चेहरे जुळावेत तसं त्यांचं एकमेकांशी साम्य असतं. बर्नार्ड सूट्स नावाचे प्राध्यापक कॅनडात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांना हे पटलं नाही. १९७८ साली 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहून त्यांनी व्याख्या दिलीच. तिचा आशय असा, की गरज नसलेले अडथळे आपण आपखुशीने स्वीकारतो आणि ते पार करायला झटतो, तो खेळ. आपली लंगडीच घ्या. समोरच्याला पकडायचंच असेल तर दोन पायांनी धावणं सोपं की! पण आपण एक पाय उचलतो, कारण त्याशिवाय ती लंगडी होत नाही. अडचण काढून टाकली की खेळच संपतो.

यावरून एक मोह होतो. खेळ मुळात बंधनातून जन्मतो, तर मग पैशाची तंगी हेही एक बंधनच, तीही मजेत स्वीकारा, असं कुणीतरी म्हणेल. मंडळी, हे म्हणू नका. लंगडी घालणाऱ्याला पाय खाली टेकवायची मुभा असते. ऑपरेशननंतर मीही दोन महिने लंगडत होतो, त्यात खेळ काही नव्हता. निवडलेलं बंधन वेगळं आणि लादलेलं वेगळं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण शहाणपणाची आहे, पण ती बहुधा लांब अंथरूणवालेच दुसऱ्याला ऐकवतात.

तरीसुद्धा सूट्सकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खेळाचा आनंद नियमांत आणि अडथळ्यांत असेल, तर तो चित्राच्या झगमगाटात किंवा यंत्राच्या किमतीत असायचं कारण नाही. याचा पुरावाच आहे. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात, अलेक्सी पाझितनोव्ह नावाच्या तरुणाने टेट्रिस लिहिला. त्याच्यापुढचं यंत्र होतं 'इलेक्ट्रॉनिका ६०', ज्याला चित्रं काढताच येत नव्हती, फक्त अक्षरं उमटायची. मग त्याने कंस शेजारी-शेजारी मांडून चौकोन केले. वरून पडणारे ठोकळे रचायचे, एवढाच खेळ. चाळीस वर्षं होऊन गेली, लोक अजून खेळताहेत.

दुसरं उदाहरण निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांचं. ते म्हणायचे की तंत्रज्ञान जुनं, स्वस्त, ज्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत झालेत असं घ्यावं आणि डोकं मात्र नवीन लढवावं. १९८९ साली त्यांचा 'गेम बॉय' आला. हिरवट पडदा, रंग नाहीत, चार पेन्सिल सेल. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी सेगाचा 'गेम गिअर' आला, चांगला रंगीत. पण तो सहा सेल खायचा आणि काही तासांत मान टाकायचा. गेम बॉय दहा तासांच्या वर सहज चालायचा, किमतीलाही कमी होता. जिंकला कोण, तर हिरवट पडदा. आणि अमेरिकेत त्याच्या खोक्यात कोणता गेम मिळायचा? तोच, मॉस्कोचा टेट्रिस.

तर यंत्राबद्दल माझा सल्ला एका वाक्यात: जे घरात आहे त्यावर काय चालतं ते आधी बघा. कार्यालयांतून भाड्याने वापरून परत आलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकणारी दुकानं आता प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. घेताना बॅटरी तपासा आणि दुकानाची लेखी हमी मागा. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवला आणि रॅम ८ जीबी केली, तर तो तरतरीत होतो. नवीन ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत हे सगळं होऊन वर पैसे उरतात. विजेचाही हिशोब करा. ३५० वॅट खाणारा दणकट डेस्कटॉप रोज दोन तास चालवला तर महिन्याला २१ युनिट. ६० वॅटचा लॅपटॉप साडेतीन-चार युनिट.

आता गेम विकत घेण्याबद्दल. इथे सर्वांत मोठी बचत कशात आहे? थांबण्यात. मोठा गेम बाजारात येतो तेव्हा तो सर्वांत महाग असतो, आणि गंमत म्हणजे तेव्हाच त्यात चुकाही सर्वांत जास्त असतात. दुरुस्त्या पुढे वर्षभर येत राहतात. दोन-तीन वर्षं थांबलात तर तोच गेम सुधारून, अनेकदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम याला मोठा अपवाद, ते सहसा उतरत नाहीत. 'स्टीम' या दुकानात किमती रुपयांत असतात आणि उन्हाळ्यात व डिसेंबरअखेर मोठी सूट लागते. गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर तिथे पैसे परत मागता येतात. हा नियम फार लोकांना माहीत नसतो. आपल्या लॅपटॉपवर गेम चालतो की अडखळतो, हे त्या दोन तासांत कळतं. एका घरातल्या सहा जणांना आपले गेम एकमेकांत वापरता येतील अशी सोयही आहे. 'एपिक' नावाचं दुसरं दुकान दर गुरुवारी एखादा गेम फुकट देतं. तो त्या आठवड्यात आपल्या खात्यावर घेतला की तिथे राहतो.

पण इथेच दुसरा सापळा आहे. लग्नातल्या बुफेला आपण ताट भरून घेतो ना, तसं होतं. ऐंशी टक्के सूट दिसली की हात जातोच. माझ्या खात्यावर एकेकाळी ३१ गेम होते, त्यातले खेळलेले सात. म्हणजे चोवीस गेमचे पैसे मी 'सूट' या शब्दावर खर्च केले. तेव्हापासून एक गेम संपवल्याशिवाय, किंवा 'हा मला आवडला नाही' असं स्वतःशी कबूल केल्याशिवाय, दुसरा घेत नाही.

काही जण 'तासाला किती रुपये पडले' असा हिशोब मांडतात. शंभर तासांचा गेम हजार रुपयांना, म्हणजे तासाला दहा रुपये, सिनेमापेक्षा स्वस्त! मला हा हिशोब पटत नाही. यात लांबण लावणाऱ्याला बक्षीस मिळतं. २००७ चा 'पोर्टल' चार-पाच तासांत संपतो. भिंतीला एक दार पाडायचं, दुसऱ्या भिंतीला दुसरं, आणि एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. एवढ्या एका कल्पनेवर तो उभा आहे. तो संपवून मी आठवडाभर आमच्या हॉलच्या भिंतींकडे बघत होतो. याचा तासाचा दर काय लावायचा?

आता खरोखर फुकट असलेल्या खेळांकडे येतो. यात माझा जीव गुंतलाय, जरा वेळ घेणार आहे.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' नावाचा गेम २००३ पासून जगभरचे हौशी लोक मिळून बनवताहेत. मुक्त सॉफ्टवेअर आहे, एक पैसा लागत नाही, जाहिरात नाही. पट षटकोनी घरांचा. बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाल. पण इथे दिवस-रात्र होते: काही सैनिक उजेडात बळकट, काही अंधारात. जंगलात उभ्या असलेल्या एल्फवर वार लागणं अवघड, उघड्या मैदानात सोपं. सैनिक लढून-लढून अनुभवी होतो आणि मेला की गेला, परत येत नाही. त्यामुळे 'याला पुढे धाडू का?' या प्रश्नाला वजन येतं.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा नववीत आहे. संध्याकाळी माझ्याकडे गणित घेऊन यायचा. एकदा लॅपटॉपवरचा तो पट बघून थबकला. या गेममध्ये एकाच यंत्रावर दोघांना आळीपाळीने खेळता येतं, इंटरनेटसुद्धा लागत नाही. गणित झालं की अर्धा तास, असं ठरलं. पहिले दोन आठवडे मी जिंकलो. नंतर त्याच्या ध्यानात आलं की आजोबा रात्र पडली तरी हट्टाने पुढेच घुसतात. तेव्हापासून तो दिवसभर माघार घेतो आणि अंधार पडला की माझी माणसं टिपतो. शक्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटी हा धडा मी त्याला वेगळा शिकवलाच नाही. 'साठ टक्के म्हणजे दहात चार वेळा चुकणार, आजोबा, रडू नका,' असं तो मला सांगतो. (हशा)

असे आणखी आहेत. 'ओपनटीटीडी'त रेल्वे आणि बसगाड्यांचं जाळं उभारायचं. १९९५ च्या एका जुन्या गेमचा तो मुक्त अवतार. कर्ज काढा, रूळ टाका, सिग्नल चुकीचा लावलात की गाड्यांची रांग उभी. प्राचीन साम्राज्यांची आवड असेल तर '० ए.डी.' आहे. बुद्धिबळासाठी 'लिचेस' आहे, तिथे सगळं खुलं आणि जाहिरातींशिवाय. आणि यांचा एक गुण पैशापलीकडचा. आपण डिजिटल गेम विकत घेतो तेव्हा बहुतेक वेळा वापरायचा परवानाच मिळतो. 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतींचा गेम. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे भरून घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. मुक्त गेम असा कुणाला काढून घेता येत नाही. विकत घ्यायचेच असतील तर 'जीओजी' या पोलिश दुकानातले गेम कुलूप नसलेले असतात, आपल्या डिस्कवर उतरवून ठेवता येतात.

पण फुकट आणि फुकट यांत फरक आहे, आणि आता माझ्या फजितीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मी मोबाइलवर एक गेम घेतला. सारखी फळं ओळीत आणायची. चकटफू. नाव सांगत नाही. पाच 'जीव' मिळतात, संपले की अर्धा तास थांबा नाहीतर पैसे भरा. पहिल्यांदा ८९ रुपये भरले. फक्त दोन चाली कमी पडल्या होत्या हो! मग असं वारंवार फक्त दोनच चालींनी हुकायला लागलं. तीन महिन्यांनी बँकेचा हिशोब बघितला तर ३,७४० रुपये गेले होते. तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, इच्छांवर व्याख्यानं देणारा. बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले.

स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग मी वर्गात शिकवायचो. टोच मारल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही, असं अनिश्चित ठेवलं, तर दाणे बंद केल्यावरही कबुतर बराच वेळ टोचत राहतं. हे शिकवणं वेगळं आणि कबुतर होणं वेगळं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त हा जुगाऱ्याचा विलाप आहे. फासे त्याला कसे ओढून नेतात, घरचे कसे दुरावतात, हे त्यात आहे, आणि फासे टाकून शेती कर, असा उपदेशही आहे. इतकी जुनी ही गोष्ट. गेममधल्या 'लूट बॉक्स'ना, म्हणजे पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांना, बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये काही गेमच्या बाबतीत जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. माझी फळं त्यात येत नाहीत. तिथे जिंकायला काही नव्हतंच, फक्त भरायला होतं.

तेव्हा कमी पैशांत छंद करायचा असेल तर पहिली काळजी 'फुकट' या शब्दाची घ्या. पाचशेचा गेम एकदाच पाचशे घेतो. गेमला पैसे भरायचं खातं बँकेला थेट जोडून ठेवू नका. ठरलेल्या रकमेचं गिफ्ट कार्ड घ्या. मोबाइलवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. तो टाकायला जे दहा सेकंद लागतात, त्यात माणूस भानावर येतो. मी येतो, निदान.

प्रश्न घेऊ या.

श्रोता: क्रॅक केलेले, पायरेटेड गेम घ्यावेत का? सगळे घेतात.

त्यांतून व्हायरस येतात, ते सोडून देऊ. आपण मघाचा पाझितनोव्ह आठवू. टेट्रिस जगभर विकला गेला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे १९९६ पर्यंत त्याला स्वतःला त्यातून रॉयल्टी मिळाली नव्हती. ही गोष्ट ऐकून आपल्याला वाईट वाटतं ना? मग दुसऱ्याच्या बाबतीत तेच आपण कसं करायचं? २०२० मध्ये आलेला 'राजी' हा गेम आपल्या पुण्यातल्या छोट्या चमूने केलाय. मी महिन्याला पाचशे काढू शकणारा माणूस. ज्याला तेही जमत नाही त्याला मी चोर म्हणायला धजणार नाही. पण वेस्नॉथ आणि ओपनटीटीडी समोर असताना 'दुसरा इलाज नव्हता' हे म्हणणं कठीण आहे.

श्रोता: माझा मुलगा आठवीत आहे. गेममधल्या पात्राच्या कपड्यांसाठी ४०० रुपये मागतो. कपडे नाहीत म्हणून मित्र त्याला 'फुकट्या' म्हणतात.

ताई, तुम्ही फार अवघड जागेवर बोट ठेवलंत. एपिक्युरस म्हणेल ही तिसऱ्या गटातली इच्छा, हसून सोडून द्या. पण ॲडम स्मिथने १७७६ मध्ये वेगळं लिहून ठेवलंय. लिननचा सदरा जगायला लागत नाही, ग्रीक-रोमन त्याशिवाय सुखाने राहिले. पण त्याच्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही त्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो गरजेतच धरायला हवा, असं तो म्हणतो. अमर्त्य सेन यांनीही हा दाखला वारंवार घेतलाय. तुमच्या मुलाची लाज खरी आहे. तिला हसू नका. एकदा, त्याच्या खाऊच्या पैशांतून, किती महिन्यांचे जातील ते त्याच्यासमोर कागदावर मांडून, त्यालाच ठरवू द्या. आणि त्या मित्रांपैकी दोघांना घरी बोलवा. एका पडद्यासमोर शेजारी बसून खेळताना कपडे कोण बघतं?

श्रोता (मागच्या रांगेतून): सर, तुम्ही थांबा म्हणता. पण तीन वर्षांनी मी तो गेम घेईन तेव्हा ऑफिसात त्यावर बोलायला कोणी उरलेलं नसेल.

हो. हे नुकसान आहे, आणि त्यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. गेमइतकीच त्याच्याबद्दलच्या गप्पांचीही किंमत असते आणि ती पहिल्याच महिन्यात वसूल केली जाते. वर्षातून एखादा गेम तुला मित्रांबरोबर पहिल्या दिवशी खेळायचाच असेल, तर त्यासाठी महिन्याला चारशे बाजूला टाक आणि उरलेलं वर्ष जुन्यावर काढ. आणि एखादा भिडू शोध, ज्याचीही तुझ्यासारखीच अडचण आहे. दोघांनी एकाच वेळी जुना गेम सुरू केला तर तो दोघांपुरता नवाच. 'पोर्टल २' २०११ चा आहे, त्यात दोघांनी मिळून सोडवायची वेगळी कोडी आहेत. तुला हरकत नसेल तर मी आहे. माझं इंटरनेट रात्री नऊनंतर बरं चालतं.

श्रोता: मी अडुसष्ट वर्षांचा. हात थोडा थरथरतो. मला जमेल?

पाळीपाळीने खेळायचे गेम घ्या, त्यात घाई नसते. चाल करायला दहा मिनिटं लावलीत तरी समोरचा थांबतो. अक्षरं मोठी करता येतात का ते सेटिंगमध्ये बघा. आणि लॅपटॉपच्या पट्टीवर बोटाने खेळू नका, मनगट धरतं. साधा तारेचा माउस आणा, तीनशेच्या आत येतो.